नाव, पत्ता, हजेरी

लिनक्सच्या डेस्कटॉपवर पेन ड्राइव्ह लावला की क्षणभरात फाइल मॅनेजरच्या कडेच्या पट्टीत त्याचं नाव उमटतं. त्यासाठी फाइल मॅनेजर हार्डवेअरकडे डोळे लावून बसलेला नसतो. नवं उपकरण कर्नेलला दिसतं, यूडेव्ह त्याची ओळख पटवतो, यूडिस्क्स नावाची मागे चालणारी सेवा त्याच्यासाठी एक ऑब्जेक्ट तयार करते आणि तशी वर्दी सिस्टिम बसवर देते. ज्यांनी ही बातमी हवी असं आधी सांगून ठेवलेलं असतं, त्यांना ती मिळते. यूडिस्क्स रूटच्या अधिकाराने चालते, फाइल मॅनेजर तुमच्या अधिकाराने. दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले, वेगवेगळ्या वेळी प्रकाशित होणारे प्रोग्रॅम आहेत. एकाचा कोड दुसऱ्यात मिसळलेला नाही. तरी वापरणाऱ्याला सगळं एकसंध वाटतं.

हा एकसंधपणा ज्या यंत्रणेवर उभा आहे ती डी-बस, आणि तीच या पुस्तकाचा विषय. आपल्याकडे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमात पाइप, शेअर्ड मेमरी, सेमाफोर आणि सॉकेट शिकवतात. विद्यार्थी दोन प्रोसेसमध्ये पाइप जोडून परीक्षेला उतरतो. त्याच मुलीला किंवा मुलाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात खऱ्या डेस्कटॉपच्या किंवा गाडीतल्या स्क्रीनच्या सॉफ्टवेअरवर काम मिळतं, तेव्हा समोर दहा-वीस सेवा एकमेकींशी बोलत असतात आणि पाइपचा धडा तिथे पुरत नाही. मधल्या या पोकळीसाठी मराठीत काहीतरी असावं, असं मला फार मनापासून वाटत होतं.

मेसेज बस म्हटलं की चर्चा लगेच निरोप वाहून नेण्यावर जाते: किती जलद, किती मोठा, किती वेळा कॉपी होतो. पण बाइट इकडून तिकडे नेण्याचा प्रश्न युनिक्सने फार पूर्वीच सोडवला होता. पाइप १९७० च्या दशकात आले आणि १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये सॉकेट आली. न सुटलेले प्रश्न वेगळेच होते. मला ज्याच्याशी बोलायचं आहे तो कुठे सापडेल? तो आत्ता चालू आहे का? नसेल तर त्याला कोण उठवेल? जो उत्तर देतोय तो खरंच तोच आहे का? आणि बोलता बोलता तो मेला तर मला कसं कळेल? म्हणून माझ्या मते बस हे आधी हजेरीचं मस्टर आहे. निरोप पोहोचवण्याचं काम त्या मस्टरच्या जोरावर चालतं. या पुस्तकातली सगळी प्रकरणं हा एक धागा धरून लिहिली आहेत. तो ध्यानात ठेवून वाचलं तर डी-बसमधल्या बऱ्याच विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो.

थोडा इतिहास सांगायलाच हवा. केडीई हा डेस्कटॉपचा प्रकल्प १९९६ मध्ये माथियास एट्रिश यांनी सुरू केला, ग्नोम १९९७ मध्ये मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी. ग्नोमने कोर्बा निवडलं. मोठ्या कंपन्यांच्या वेगवेगळ्या यंत्रांवरच्या प्रणाली जोडण्यासाठी घडवलेला तो भारदस्त नियमसंच होता. ग्नोमने ऑर्बिट नावाची स्वतःची हलकी आवृत्ती लिहिली आणि तिच्यावर बोनोबो ही घटकांची रचना उभारली. केडीईनेही दुसऱ्या आवृत्तीच्या तयारीत कोर्बा करून पाहिलं आणि सोडून दिलं. त्यांनी त्याऐवजी डीकॉप नावाची छोटी, सुटसुटीत यंत्रणा लिहिली. २००० मध्ये केडीई २ आलं तेव्हा डीकॉप त्यात होती, आणि केडीईच्या प्रोग्रॅमरांचा तिच्यावर जीव होता. एका ओळीच्या आदेशाने चालू प्रोग्रॅमला काम सांगता येणं ही तेव्हा मोठी मौज होती.

अडचण अशी, की ग्नोमचा प्रोग्रॅम केडीईच्या प्रोग्रॅमशी बोलू शकत नव्हता. शिवाय सिस्टिमच्या सेवांना, म्हणजे नेटवर्क, बॅटरी, डिस्क सांभाळणाऱ्यांना, दोघांशीही बोलायला एक समान दार नव्हतं. वापरणाऱ्याने लॉगिन करण्याआधीपासून चालणाऱ्या सेवेने कोणत्या डेस्कटॉपची बाजू घ्यायची? हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००० मध्ये फ्रीडेस्कटॉप हा सामाईक चौथरा सुरू केला होता. २००२ मध्ये त्यांनी, अलेक्झांडर लार्सन यांनी आणि आंदेर्स कार्ल्सन यांनी डी-बसचं काम हाती घेतलं. रचनेत डीकॉपची छाप उघड दिसते. १.० ही आवृत्ती यायला नोव्हेंबर २००६ उजाडलं. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४ आलं, त्यात डीकॉप काढून डी-बस आली. एका मोठ्या प्रकल्पाने आपली चालती, लाडकी यंत्रणा केवळ शेजाऱ्याशी बोलता यावं म्हणून सोडून दिली, याचं मला आजही अप्रूप वाटतं. मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात असे समंजस निर्णय मोजकेच आहेत.

आता यंत्रणेकडे जवळून पाहू. साधारण यंत्रावर दोन बस असतात. सिस्टिम बस सगळ्यांसाठी एकच; ती यंत्र सुरू होताना उभी राहते. सेशन बस लॉगिन केलेल्या माणसाची. दोन्ही ठिकाणी मध्यभागी एक डीमन असतो आणि प्रत्येक प्रोसेस युनिक्स सॉकेटने त्याला जोडलेली असते. जोडणी होताना समोरची प्रोसेस कोणत्या यूजरची आहे हे डीमन कर्नेलकडून पडताळून घेतो. प्रोसेसच्या नुसत्या सांगण्यावर विसंबत नाही. मग ती प्रोसेस 'हॅलो' नावाची मेथड बोलावते. ही पहिली हाक दिल्याशिवाय पुढे काहीच चालत नाही. उत्तरात तिला एक नाव मिळतं, उदाहरणार्थ ':१.४२'. हे नाव त्या जोडणीचं, आणि ती बस चालू आहे तोवर दुसऱ्या कुणालाही मिळणार नाही. ':१.४२' गेली, की तो आकडा कायमचा बाद.

अशा नावाने कुणाला शोधता येत नाही, म्हणून दुसऱ्या प्रकारचं नाव: 'ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.नोटिफिकेशन्स'. हे सर्वांना आधीपासून ठाऊक असलेलं नाव, आणि ते एका वेळी एकाच जोडणीकडे असतं. दुसऱ्या कुणाला हवं असेल तर तो रांगेत थांबतो, किंवा आधीच्याने परवानगी दिली असेल तर नाव काढून घेतो. मालक बदलला की डीमन, ज्यांनी ही बातमी मागितली त्या सगळ्यांना सिग्नल देऊन कळवतो: नाव अमुक, जुना मालक अमुक, नवा मालक अमुक. नव्या मालकाची जागा रिकामी असेल तर समजायचं की कुणीच उरलेलं नाही. मला संपूर्ण डी-बसमधून एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी हा सिग्नल निवडेन. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर त्याने डेस्कटॉपच्या सेशन सेवेकडे लावलेली 'यंत्र झोपवू नका' ही अडवणूक आपोआप सुटते, ती या हजेरीमुळेच.

प्रत्यक्ष संवाद कसा होतो ते सूचनेच्या उदाहरणाने बघा. ईमेलचा प्रोग्रॅम 'नोटिफाय' ही मेथड बोलावतो आणि आठ गोष्टी देतो: स्वतःचं नाव, कोणत्या जुन्या सूचनेच्या जागी ही दाखवायची तिचा क्रमांक, चिन्ह, शीर्षक, मजकूर, बटणं, जादा माहितीचा कोश आणि किती वेळ दाखवायची ते. उत्तरात एक आकडा येतो. तो जपून ठेवायचा, कारण वापरणाऱ्याने 'उत्तर द्या' हे बटण दाबलं तर येणाऱ्या सिग्नलमध्ये तोच आकडा असतो. दुसरी गोष्ट, म्हणजे जुन्या सूचनेचा क्रमांक, नवखे लोक शून्य ठेवून मोकळे होतात. मग, उदाहरणार्थ, आवाज वाढवताना दर खेपेला नवी सूचना येऊन स्क्रीनवर ढीग साठतो. जुना क्रमांक परत दिला असता तर एकच सूचना जागच्या जागी बदलत राहिली असती. ईमेलच्या प्रोग्रॅमला पलीकडे ग्नोम शेल आहे की केडीईचा प्लाझ्मा हे माहीत नसतं, माहीत असण्याची गरजही नसते. त्याने ते नाव, ऑब्जेक्टचा पत्ता आणि त्या आठ गोष्टींचा करार पाळला की झालं. नाव घेतलेलं कुणी नसेलच, तर डीमन एका छोट्या फाइलमध्ये बघून योग्य तो प्रोग्रॅम सुरू करतो आणि निरोप तोवर धरून ठेवतो.

मराठी वाचकाचा या यंत्रणेशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. लिनक्सवर मराठी टाइप करण्यासाठी पुष्कळजण आयबस वापरतात. रेड हॅटमध्ये २००८ च्या सुमारास सुरू झालेला हा प्रकल्प डी-बसच्याच नियमांनी बोलतो, मात्र स्वतःच्या वेगळ्या बसवर. आयट्रान्स पद्धतीने 'के' ही कळ दाबली की अ‍ॅप, किंवा वेलँडवरच्या ग्नोममध्ये त्याच्या वतीने शेल, आयबसला विचारतं: ही कळ तुझी की माझी? सोबत कोणती कळ, तिचा कीबोर्डवरचा क्रमांक आणि शिफ्ट-कंट्रोलची स्थिती. 'माझी' असं उत्तर येतं आणि पाठोपाठ सिग्नल येतो: तात्पुरतं 'क्' दाखव, खाली रेघ देऊन. मग 'ए' दाबलं की पाय मोडलेला 'क्' पूर्ण 'क' होतो, तोही तात्पुरता, कारण आणखी एक 'ए' आला तर त्याचा 'का' व्हायचा आहे. पुढचं व्यंजन आलं की आधीचं अक्षर पक्कं होतं. म्हणजे एका मराठी वाक्यासाठी प्रोसेसांमध्ये अनेक फेऱ्या होतात आणि लिहिणाऱ्याला त्यांचा पत्ताही नसतो. भराभर टाइप करणाऱ्याची अक्षरं मागेपुढे होऊ नयेत म्हणून आयबसमध्ये उत्तरासाठी थांबण्याची वेगळी सोय ठेवावी लागली. बसवर क्रम का महत्त्वाचा, हे समजावायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. चौथं प्रकरण पूर्णपणे यावर आहे.

आयबसने वेगळी बस का घेतली, याचं उत्तर सुगम्यतेच्या प्रकरणात पुन्हा भेटतं. दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठीचा ऑर्का हा स्क्रीन रीडर प्रत्येक खिडकीतलं प्रत्येक बटण, त्याचं नाव, त्याची अवस्था विचारत असतो. ही वर्दळ एवढी असते की तिलाही स्वतंत्र बस दिली आहे. सेशन बसवर फक्त तिचा पत्ता विचारायचा. जिथे बोलणं फार, तिथे घर वेगळं, हा शहाणपणा डी-बस वापरणाऱ्यांनी अनुभवातून कमावला आहे. ग्नोमची सेटिंग्ज सांभाळणारी डीकॉन्फ तर याहून पुढे गेली. तिच्यात लिहिणं बसवरून होतं, बदलाची बातमी बसवरून जाते, पण वाचणं थेट मेमरीत जोडलेल्या फाइलमधून होतं. सेटिंग वाचणं लाखदा घडतं, बदलणं क्वचित. वाचणाऱ्याला परवानगी विचारायची गरजच नाही, तर त्याला डीमनच्या दारात उभं कशाला करायचं? नवीन सेवा लिहिणाऱ्याने डीकॉन्फची ही रचना आधी अभ्यासावी, मग स्वतःचा इंटरफेस लिहायला बसावं.

उत्तरासाठी थांबण्याबद्दलही थोडं. मूळ लायब्ररीत मेथडच्या उत्तराची वाट बघण्याची ठरीव मुदत २५ सेकंद आहे. म्हणून एखादा प्रोग्रॅम उघडायला जवळपास २५ सेकंद लागले आणि मग तो एकदम नीट चालू झाला, तर प्रोसेसर किंवा डिस्ककडे बघत वेळ घालवू नका. कुणीतरी कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत अडकलं होतं. पुष्कळदा दोघेही एकमेकांची वाट बघत असतात. खिडकी रंगवणाऱ्या थ्रेडमधून थांबून राहणारी मेथड कधीही बोलावू नये, हा नियम मी या पुस्तकात इतक्यांदा सांगितला आहे की वाचक कंटाळेल. कंटाळला तरी चालेल, पण विसरू नये.

वेगाबद्दलचा मोठा वाद २०१३ ते २०१५ या काळात झाला. डीमन मध्ये असल्याने प्रत्येक निरोप आधी त्याच्याकडे आणि तिथून पुढे जातो. उत्तरालाही तसाच वळसा. हा वळसा टाळण्यासाठी बस थेट कर्नेलमध्ये न्यावी, असा केडीबस नावाचा प्रस्ताव ग्रेग क्रोआ-हार्टमन, लेनार्ट पटरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. कर्नेलच्या जगात त्यावर कडाक्याचं भांडण झालं. अधिकार तपासण्याच्या रचनेवर गंभीर शंका घेतल्या गेल्या. मंदपणाचा बराचसा दोष कर्नेलबाहेरच्या कोडचा आहे, असं लिनस टोरवाल्ड्स यांनीही सुनावलं. केडीबस कर्नेलमध्ये गेलं नाही. त्याच गटातल्या डेव्हिड हेरमन यांनी टॉम गुंडरसन यांच्यासह नंतर डीबस-ब्रोकर लिहिला. तो डीमन नेहमीच्याच जागी, कर्नेलबाहेर बसतो, पण नव्याने विचार करून घडवलेला आहे. फेडोराने २०१९ मध्ये, ३० व्या आवृत्तीत, तो मुख्य डीमन म्हणून घेतला. माझा कौल या वादात स्पष्ट आहे. कर्नेलमध्ये नेऊन जे मिळणार होतं त्यातलं पुष्कळसं चांगल्या कोडने मिळालं, आणि नाव-हजेरीचे अवघड नियम कर्नेलमध्ये कायमचे गोठवले गेले नाहीत.

ते नियम किती अवघड, हे २०२१ मधल्या पोलकिटच्या त्रुटीने दाखवलं. पोलकिट म्हणजे 'या माणसाला हे करू द्यायचं का' असा निवाडा देणारी सेवा. समजा, एका साध्या यूजरच्या प्रोसेसने खाती सांभाळणाऱ्या सेवेला नवं खातं उघडायला सांगितलं. ती सेवा पोलकिटला विचारते. पोलकिट बसला विचारतो: ':१.९६' म्हणजे कोणता यूजर? सुरक्षा संशोधक केविन बॅकहाउस यांच्या लक्षात आलं, की नेमकं याच क्षणी विचारणारी प्रोसेस मारून टाकली तर बसकडे उत्तरच उरत नाही. ती चूक झाल्याचं कळवते. पोलकिटच्या एका वाटेवर ही चूक नीट हाताळलेली नव्हती, आणि उत्तर न मिळालेल्या यूजरचा क्रमांक शून्य धरला गेला. शून्य म्हणजे रूट. विनंती मंजूर! त्यासाठी खास हत्यार लागत नव्हतं. टर्मिनलमधले साधे आदेश आणि वेळेचा अंदाज पुरत होता. ही त्रुटी सात वर्षं कोडमध्ये होती. बसने इथे काहीच चुकीचं केलं नाही. गैरहजर माणसाबद्दल तिने 'मला माहीत नाही' असं खरं उत्तर दिलं. ऐकणाऱ्याने त्या उत्तराची किंमत ओळखली नाही. सहाव्या प्रकरणात हा प्रसंग पायरी-पायरीने उलगडला आहे, आणि ते प्रकरण वाचल्याशिवाय कुणीही रूटच्या अधिकाराने चालणारी सेवा लिहू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सिस्टिम बसवर कोण कुणाशी बोलू शकतो याचे लेखी नियम असतात. सेशन बसवर पूर्वापार तसं काही नव्हतं. एकाच माणसाचे प्रोग्रॅम एकमेकांवर विश्वास ठेवतात, हे गृहीत होतं. इंटरनेटवरून कुठलंही अ‍ॅप उतरवून चालवण्याच्या काळात हे गृहीत टिकणारं नव्हतं. पासवर्डची तिजोरी एकदा उघडली की त्या सेशनमधल्या कुठल्याही प्रोसेसला बसवरून तिच्यात हात घालता येतो, ही काही समाधानाची स्थिती नव्हे. फ्लॅटपॅकने इथे वेगळा मार्ग काढला. बंदिस्त अ‍ॅपला खरी बस दिसतच नाही. मध्ये एक चाळणी असते आणि ती ठरावीक नावंच दिसू देते. अ‍ॅपला फाइल हवी असेल तर ते 'पोर्टल' नावाच्या सेवेला विनंती करतं. फाइल निवडण्याची खिडकी अ‍ॅपच्या बाहेर उघडते आणि माणसाने निवडलेली तेवढीच फाइल आत जाते. फ्लॅटपॅकची सुरुवात अलेक्झांडर लार्सन यांनी केली. डी-बसच्या पहिल्या दिवसांतले तेच लार्सन. विश्वासाचं गृहीत ज्यांच्या डोळ्यांसमोर रचलं गेलं, त्यांनीच पुढे त्याला कुंपण घातलं.

मॅकवरची एक्सपीसी, अँड्रॉइडमधला बाइंडर आणि विंडोजवरचं कॉम यांच्यावर एकेक छोटं टिपण शेवटी आहे. त्यांना न्याय द्यायला वेगळी पुस्तकं हवीत. मेघातल्या सर्व्हरांवरच्या मेसेज ब्रोकरांचा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावले की गोंधळ होतो. व्हारलिंकला मात्र एक प्रकरण दिलं आहे. सिस्टिमडीच्या काही सेवा आता या पद्धतीने बोलतात: मध्ये डीमन नाही, प्रत्येक सेवेचं स्वतःचं सॉकेट. यंत्र सुरू होताना बस उभी राहण्याआधी बोलायचं असेल तर हीच वाट सोयीची. हजेरीचं मस्टर नको असेल तिथे बसही नको, इतकं मान्य करायला माझी हरकत नाही.

वाचकाला सी किंवा पायथन बऱ्यापैकी यावी आणि टर्मिनलची भीती नसावी, एवढी माझी अपेक्षा आहे. कोडची उदाहरणं जीडीबस आणि एसडी-बस या दोन लायब्रऱ्यांत दिली आहेत. मूळ लायब्ररी थेट वापरू नका, असं तिच्या लेखकांनीच दस्तऐवजात बजावलं आहे, आणि मी ते शब्दशः पाळलं आहे. वाचायला बसण्याआधी लिनक्सच्या यंत्रावर दोन टर्मिनल उघडून ठेवा. एकात 'बसकंट्रोल' (busctl) हे साधन सेशन बसवर, मॉनिटर करण्याच्या आदेशाने चालवा. दुसऱ्यातून एक सूचना पाठवा. पहिल्या टर्मिनलमध्ये पाठवणाऱ्याचं आकडेवालं नाव, ऑब्जेक्टचा पत्ता, इंटरफेस, मेथड आणि त्या आठ गोष्टी ओळीने दिसतील. पहिलं प्रकरण त्या ओळींपासूनच सुरू होतं.